डावखुऱ्यांनी गिटार, बास आणि पिक्स कशी शोधावीत?

प्रश्न असा आहे. विचारणारे डावखुरे आहेत. लिहिणं, फेकणं, कात्री धरणं सगळं डाव्या हाताने. गिटार शिकायची आहे आणि वर्षभरात बासकडेही वळायचं मनात आहे. दुकानाच्या भिंतीवर गिटारची रांग, पण त्यात डावी एकही नाही. एक विक्रेता म्हणाला, ‘उजवीच शिका, दोन्ही हातांना कामच असतं.’ दुसरा म्हणाला, ‘ही उजवी घ्या, तारा उलट्या लावून देतो, झाली डावी.’ शिवाय पिकसुद्धा (तारा छेडायची छोटी चकती) डाव्या हाताचं वेगळं घ्यावं लागतं का, हेही त्यांना हवं आहे.

मी स्वतः डावखुरा आहे. पंचवीस वर्षं डाव्या गिटारवर वाजवतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं इतरांच्या गिटार आणि बास दुरुस्त करण्यात, सेट करण्यात गेली. माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी हात ठरवा, वाद्य त्यानंतर. हात डावा ठरला तर खरी डावी गिटारच शोधा. उजवीला उलटं करून काम भागवायला मोजक्याच प्रकारच्या गिटार लायक असतात आणि दुकानदार गळ्यात मारतात त्या बहुधा त्यातल्या नसतात.

‘दोन्ही हातांना कामच असतं’ हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. दोन हातांची कामं वेगळ्या जातीची आहेत. गिटारच्या मानेवरचा, म्हणजे लांब दांडीवरचा, हात जागा शोधतो, दाबतो, सरकतो. हे काम सरावाने येतं आणि कुठलाही हात ते शिकू शकतो. तारा छेडणारा हात मात्र ताल धरतो. ठोका कुठे जड, कुठे हलका, कुठे किंचित रेंगाळून मारायचा, हे त्या हाताच्या मनगटात असतं आणि ते बाहेरून शिकवणं फार अवघड. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं उदाहरण यासाठी नेहमी आठवतं. लहानपणी हातात आली ती उजवी गिटार. ती उजवीकडून वाजवताना काही केल्या ताल जमेना. मग डाव्या हाताने वाजवणाऱ्या गायक स्लिम व्हिटमनचा फोटो पाहण्यात आला, त्याने गिटार फिरवली, तारा उलट्या लावल्या आणि गाडी रुळावर आली.

तेव्हा हात असा तपासा. रिकाम्या हातांनी, विचार न करता, एखाद्या ओळखीच्या गाण्यावर गिटार वाजवल्याचा अभिनय करा. कुठला हात खाली-वर हलतो ते बघा. मग दोन्ही हातांनी आळीपाळीने टेबलावर त्याच गाण्याचा ठेका धरा आणि मध्येमध्ये एखादा ठोका मुद्दाम सोडून द्या. सोडलेल्या ठोक्यानंतर जो हात न अडखळता पुढच्या ठोक्यावर येतो, तो तुमचा छेडायचा हात. डाव्या हाताने लिहिणाऱ्या प्रत्येकाचा कौल इथे डावाच येतो असं नाही. गिटारवादक मार्क नॉफ्लर आणि गॅरी मूर हे दोघेही डावखुरे, पण वाजवल्या उजव्या गिटार, आणि त्यांच्या वादनात कुणाला काही कमी वाटलेलं नाही. तुमचा कौल उजवा आला तर आनंदाने उजवी घ्या. निवड दसपट वाढते, कुठेही गेलात तरी वाद्य हाताशी असतं. वर्षभर उजवी वाजवून झाली असेल आणि हात बसला असेल, तरी आता बदलू नका.

पण कौल स्वच्छ डावा आला, तर ‘मिळत नाही’ म्हणून उजवी शिकायला घेऊ नका. याची किंमत आहे, तीही सांगतो. मित्रांच्या घरी, मैफिलीत, कुणाच्या तरी गिटारवर दोन गाणी म्हणायची वेळ येते तेव्हा तुम्ही नुसते गाल. ही उणीव मला अजून जाणवते. तरीही ताल न धरणाऱ्या हाताने आयुष्यभर वाजवण्यापेक्षा ती परवडते.

आता दुसऱ्या विक्रेत्याचं ‘तारा उलट्या लावून देतो’. माझी पहिली गिटार अशीच होती. स्टीलच्या तारांची अकूस्टिक, उजवी. दुकानात दहा मिनिटांत तारांचा क्रम बदलून हातात दिली. पहिले आठ महिने मला वाटत होतं की माझीच बोटं कमकुवत आहेत. एफ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबताना जाड तारा वाजतच नसत, आणि सगळ्यात पातळ तार मोकळी छेडली की माशी अडकल्यासारखी गुणगुणायची. शेवटी एका जाणत्या कारागिराने भिंग लावून नट दाखवला.

नट म्हणजे मान आणि खुंट्यांच्या फळीमधली ती हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, जिच्या खाचांमधून तारा जातात. प्रत्येक खाच तिच्या तारेच्या जाडीची घासलेली असते. अकूस्टिकच्या हलक्या सेटमध्ये सगळ्यात जाड ई तार सुमारे १.३५ मिमीची आणि सगळ्यात पातळ ई तार ०.३० मिमीची. क्रम उलटा केला की ही सुताएवढी पातळ तार तिच्या चौपट रुंद खाचेत जाऊन पडते. तिथे ती डावीउजवीकडे सरकते, खाचेच्या तळाशी नीट टेकत नाही आणि गुणगुणते. दुसऱ्या टोकाला जाड तार पातळ खाचेत शिरतच नाही. वर चढून बसते. मग पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) ती दाबायला दुप्पट जोर लागतो आणि दाबताना ताणली जाऊन सूरही चढतो. मी आठ महिने त्या चढलेल्या तारेशी झगडत होतो, माझ्या बोटांशी नाही. दुकानातल्या ‘उलट्या करून दिलेल्या’ गिटारवर तुम्हाला हेच दिसेल: नट काढून नवा बसवलेला नसतो.

नट बदलणं फार मोठं काम नाही. अकूस्टिकचं खरं घोडं अडतं ते दुसऱ्या टोकाला, सॅडलवर. ब्रिजमध्ये, म्हणजे शरीरावर तारा जिथे अडकवतात त्या तुकड्यात, बसवलेली ती पांढरी पट्टी नीट बघा, ती तिरकी असते. जाड तारेच्या बाजूला मागे सरकलेली, पातळ तारेच्या बाजूला पुढे. फरक साधारण ३ मिमीचा. जाड तार दाबली की तिचा सूर जास्त चढतो, म्हणून तिला थोडी जास्त लांबी देऊन तो चढ भरून काढलेला असतो. तारा उलट्या केल्या की ही भरपाई नेमकी उलटी लागू होते. जाड तारा वरच्या फ्रेटवर चढ्या वाजतात, पातळ तारा उतरलेल्या. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर असतात आणि पाचव्या फ्रेटच्या पुढे कुठलाही कॉर्ड धरला की बेसूर. नवशिक्याला याचं कारण कळत नाही; तो स्वतःच्या कानाला दोष देतो. हे नीट करायचं तर सॅडलची जुनी खाच लाकडाने बुजवून नवी, उलट्या तिरकसपणाची खाच कोरावी लागते. चांगल्या कारागिराचं काम आहे, आणि त्यात जो खर्च होतो त्यात बऱ्याचदा खऱ्या डाव्या गिटारमधला फरक निघून जातो. आतल्या आधारपट्ट्याही डावी-उजवीकडे सारख्या नसतात, पण त्याने आवाजात पडणारा फरक मला इतका मोठा वाटत नाही. सुराचं बिघडणं मात्र चालवून घेऊ नका.

तर मग उलटवण्यालायक गिटार कुठल्या? नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार सगळ्यात सोपी. तिचा सॅडल बहुतेक वेळा सरळच असतो, खांद्याला खाप (वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचावा म्हणून कापलेला भाग) नसते, शरीर दोन्ही बाजूंनी सारखं असतं. नट नवा बसवला आणि सॅडलची उंची जाड तारांच्या बाजूला थोडी जास्त राहील अशी घासून घेतली की काम झालं. हातात पैसे कमी असतील आणि आजच सुरुवात करायची असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.

इलेक्ट्रिकमध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार बऱ्यापैकी ऐकते, कारण तिच्या ब्रिजवर सहा वेगळे सॅडल असतात आणि प्रत्येक पुढे-मागे करता येतो. जिमी हेंड्रिक्स अशाच उजव्या स्ट्रॅट फिरवून, तारा उलट्या लावून वाजवायचा. १९६९ साली वूडस्टॉकला वाजवलेली पांढरी गिटारही उजवीच होती. त्याच्या फोटोंत खुंट्यांच्या फळीवरचं नाव उलटं दिसतं ते त्यामुळे. ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा चुंबकी भाग) उजव्या स्ट्रॅटवर तिरका असतो, पातळ तारांच्या बाजूला ब्रिजच्या जवळ. गिटार फिरवली की तो तिरकसपणा उलटतो: जाड तारा घट्ट, कडक वाजतात आणि पातळ तारांचा धारदारपणा जरा मवाळ होतो. हा आवाज आवडणारे उजवे वादकही मुद्दाम उलटा पिकअप बसवून घेतात. पण व्हॉल्यूमचे नॉब तुमच्या कोपराखाली येतात आणि जोरात वाजवताना आवाज आपोआप खाली जातो. खांद्यावरच्या पट्ट्याचं बटण शरीराच्या लांब शिंगावरून, म्हणजे मानेशेजारी पुढे आलेल्या टोकावरून, काढून आखूड शिंगावर लावावं लागतं, मग मान खाली झुकते. फ्रेट मोजायचे बाजूचे ठिपके मानेच्या खालच्या कडेला जातात, तुम्हाला दिसतच नाहीत. ठिपक्यांना छोटे स्टिकर लावता येतात. बाकीच्या गोष्टींची सवय करावी लागते.

एकाच बाजूला खाप असलेल्या, लेस पॉलसारख्या गिटार उलटवू नका. खाप वर जाते आणि वरचे फ्रेट पुरा खांदा अडवतो. शिवाय तिचा ब्रिजही मुळातच तिरका बसवलेला असतो, त्यामुळे सॅडल कितीही सरकवले तरी जाड तारांना पुरेशी जागा मिळेलच असं नाही.

तिसरा मार्गही आहे, तारा न बदलता उजवी गिटार तशीच उलटी धरायची. जाड तार खाली, पातळ तार वर. ब्लूजवादक अल्बर्ट किंग असाच वाजवायचा. तो तारा ढकलण्याऐवजी खाली ओढायचा, म्हणून त्याचे ताणलेले सूर इतरांपेक्षा वेगळे लागतात. डिक डेलच्या तारांचा क्रमही असाच उलटा असे. एलिझाबेथ कॉटन अंगठ्याने धून आणि बोटांनी खर्ज वाजवायची, तिची ती पद्धत पुढे तिच्याच नावाने ओळखली गेली. या मार्गाने गेलेल्याला जगातली प्रत्येक गिटार वाजवता येते, हा मोठा फायदा. पण कॉर्डचे आकार स्वतःच शोधावे लागतात आणि बहुतेक शिक्षकांना तुम्हाला शिकवता येत नाही. ज्याला हे आपसूक सुचलं आणि जमलं, त्याने खुशाल करावं. ठरवून हा मार्ग घ्या असं मी कुणाला सांगत नाही.

आता खरी डावी कुठे सापडते. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा आहे, पण दुकानदार एका खुंटीवर जास्तीत जास्त लवकर विकलं जाईल तेच टांगतो, म्हणून भिंतीवर पाहून निराश होऊ नका. भिंतीवर नसली तरी कंपनीच्या यादीत असते. यामाहाची पॅसिफिका ११२ डावी मिळते, अकूस्टिकमध्ये एफजी८२०एल आहे. शेक्टर आणि इबानेझ यांच्या याद्यांत डाव्या गिटार बऱ्याच असतात. इबानेझच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एल’ असेल तर ती डावी. फेंडर, स्क्वायर, एपिफोन, पीआरएसची एसई मालिका, ईएसपीची एलटीडी, ग्रेच, या सगळ्यांच्या डाव्या असतात, पण ठराविक मॉडेल, ठराविक रंग. रंगाचा हट्ट सोडला की अर्धी अडचण दूर होते. महागड्या अकूस्टिकमध्ये टेलर आणि मार्टिन बहुतेक मॉडेल डाव्या हाताची बनवून देतात. दुकानदाराला ‘डावी गिटार आहे का’ असं विचारू नका, तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. कंपनीची यादी आधी बघा, अचूक मॉडेल क्रमांक द्या आणि ‘हे मागवून द्याल का, किती दिवस लागतील, नाही आवडलं तर परत घ्याल का’ असे तीन प्रश्न विचारा. डाव्या वादकाला वाजवून बघून घ्यायची चैन क्वचित मिळते, त्यामुळे परत घेण्याची अट माझ्या दृष्टीने थोड्या सवलतीपेक्षा जास्त मोलाची.

दुकानात डावी नसली तरी तिथे जाण्याचा एक उपयोग आहे. त्याच मॉडेलची उजवी हातात घ्या आणि डावीकडून उलटी धरा. वाजवता येणार नाही, पण मानेची जाडी मुठीत कशी बसते, वजन किती, शरीर फुगीर की पातळ, हे कळतं. एवढ्यावरून मी माझ्या तीन गिटार न वाजवता मागवल्या आणि तिन्ही ठेवल्या.

जुन्या वाद्यांच्या जाहिरातींत शोधताना ‘लेफ्ट हँडेड’, ‘लेफ्टी’, ‘एलएच’ असे सगळे शब्द वेगवेगळे टाकून बघा, कारण विकणारा कुठला लिहील सांगता येत नाही. फोटोवर विश्वास ठेवण्याआधी दोन मिनिटं द्या. खुंट्यांची फळी वर आणि गिटारचं तोंड तुमच्याकडे अशी ती उभी कल्पा: खऱ्या डावीची जाड तार तुमच्या उजव्या हाताला असते आणि नॉब शरीराच्या डाव्या बाजूला. उजवीचं बरोबर उलट. मग फळीवरचं कंपनीचं नाव वाचा. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा येऊ शकतो आणि उजवी गिटार हुबेहूब डावी दिसते. अक्षरं उलटी दिसली की समजा. अक्षरं सुलटी आहेत, नॉब मात्र उजवीकडे आणि जाड तारही उजवीकडे, तर ती उलटवलेली उजवी. अशा वेळी विचारा: नट बदलला का, कुणी बदलला, सॅडलचं काय केलं. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. आणखी एक, डाव्या गिटारला ग्राहक कमी पण विकणारेही कमी, त्यामुळे चांगली ठेवलेली डावी पुढे विकायला जड जाते असा माझा अनुभव नाही.

बासचं गणित थोडं वेगळं आहे आणि इथे मी उलटवायला जवळजवळ पूर्ण नकार देतो. नेहमीच्या बासची स्केल लांबी, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, ३४ इंच. मान लांब, खुंट्या जड. हा सगळा भार सांभाळायला वरचं शिंग लांब केलेलं असतं, पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास यावं म्हणून. बास उलटी केली की ते लांब शिंग खाली जातं, पट्टा आखूड शिंगाला लागतो आणि मान जमिनीकडे धावते. मग मानेवरचा उजवा हात सूर दाबायचा सोडून मान उचलून धरतो. तासाभराच्या सरावानंतर मनगट दुखायला लागतं, आणि असं दुखणं घेऊन माझ्याकडे आलेल्या डावखुऱ्या बासवादकांपैकी बहुतेकांचं कारण हेच निघालं. नटच्या खाचांमधला फरकही इथे मोठा, साधारण ०.०४५ इंचापासून ०.१०५ इंचापर्यंत. खुंट्या एका ओळीत असतील तर उलटवलेल्या बासवर जाड ई तार सगळ्यात लांबच्या खुंटीपर्यंत पोचवावी लागते आणि काही सेटमधली तार अपुरी पडते. फेंडरच्या प्रिसिजन बासचा दोन तुकड्यांचा पिकअपही उलटा होतो: जाड तारांचा तुकडा, जो मुळात मानेच्या बाजूला असतो, तो ब्रिजकडे जातो. त्याने आवाज बिघडतोच असं नाही, काहींना तो घट्टपणा आवडतो, पण तुम्ही ऐकून घेतलेला आवाज तो नसतो.

त्यामुळे डावी बास शोधताना यादी लहान असली तरी तिच्यातलीच घ्या. साधी चार तारांची, जॅझ किंवा प्रिसिजन घाटाची. या घाटांच्या डाव्या सगळ्यात जास्त बनतात. जॅझ बासची मान नटपाशी ३८ मिमी रुंद असते, प्रिसिजनची त्याहून रुंद. गिटारवरून येणाऱ्याला जॅझची सोपी जाते. मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली, तिचं शरीर दोन्ही बाजूंनी सारखं. तशी आखूड, ३० इंचांच्या आसपास स्केलची हलकी बास डाव्या हाताची मिळाली, तर लहान चणीच्या वादकाने तिचा जरूर विचार करावा. फ्रेट नसलेली बास कधीही उलटवून घेऊ नका. तिथे बाजूचे ठिपके हाच एकमेव नकाशा असतो आणि तोच तुमच्या नजरेआड जातो.

वाद्य हातात आलं की पहिल्याच दिवशी काही गोष्टी तपासा, कारण कारखान्यातून आलेल्या डाव्या वाद्यांतही उजवे भाग घुसतात. नट आधी. प्रत्येक तार तिच्या खाचेत अर्धीअधिक बुडालेली आणि न हलणारी हवी. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा, सहाही तारांवर.

इलेक्ट्रिक असेल तर व्हॉल्यूमचा नॉब सावकाश फिरवा. उजव्या गिटारवर नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवला की आवाज वाढतो. डावीवर आरशातल्यासारखं उलट्या दिशेने वाढायला हवा. पण नॉबखालचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा सुटा भाग, दिशेला बांधलेला असतो. कानाला आवाज एकसारखा वाढल्यासारखा वाटावा म्हणून त्याची आतली पट्टी सुरुवातीला सावकाश आणि शेवटी झपाट्याने वाढणारी केलेली असते. उजवा पॉट नुसता उलटा जोडून डाव्या गिटारमध्ये बसवला, की शून्यावरून जरा हलवताच आवाज एकदम भरतो आणि पुढचा सगळा फेरा जवळजवळ वाया जातो. गिटार वाईट आहे असं वाटून लोक ती विकतात. उपाय सोपा आहे: उलट्या टेपरचा, म्हणजे उलट्या दिशेने तसाच चढणारा, पॉट मागवून बसवून घ्या, किंवा तोच पॉट उजव्यासारखा जोडून घ्या आणि उलट्या दिशेची सवय करा. मी माझ्या सगळ्या गिटारवर दुसरा मार्ग घेतला आहे, कारण तुटला तर साधा पॉट कुठेही मिळतो.

सुटे भाग घेताना ‘डावं’ कुठे सांगावं लागतं ते लक्षात ठेवा. तारांचे सेट सगळ्यांना तेच. पट्टा, ट्यूनर, स्लाइड, केबल तीच. स्प्रिंगचा कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) कुठल्याही बाजूने लागतो. तीन-तीन खुंट्यांची फळी असेल तर खुंट्या तशाच चालतात, पण सहा एका ओळीत असतील तर सेट डावाच मागवा. तयार नट आणि लॉकिंग नट डावे वेगळे येतात. कडक केस घेताना जपा: चौकोनी केसमध्ये कुठलीही बसते, पण शरीराच्या आकाराची आतून कोरलेली केस उजवीसाठी असेल तर तुमची गिटार आत जाणारच नाही. कॉर्डच्या आकृत्या आरशात पाहिल्यासारख्या उलट्या वाचाव्या लागतात. टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत लिहिलेली नोंद) मात्र जशीच्या तशी चालते. आणि उजव्या शिक्षकाच्या समोर बसलात तर तो तुमचं प्रतिबिंबच असतो, ही सोय उजव्या विद्यार्थ्याला नाही.

राहिलं पिक. नेहमीचं सपाट पिक डावं-उजवं नसतं. आकार विचित्र असला तरी ते पालथं केलं की बाजू बदलते, म्हणून जाडी आणि घाट आवडेल तो घ्या. पण एक जुनं, भरपूर वापरलेलं पिक उजेडात तिरकं धरून बघा. बहुतेक वादक पिक तारेला सपाट न लावता किंचित तिरकं धरतात. त्यामुळे खाली जाताना एका कडेची पुढची बाजू घासते आणि वर येताना समोरच्या कडेची मागची बाजू. टोकाला दोन्हीकडे उतरत्या चकाकत्या कडा तयार होतात. या कडांचा पीळ वाजवणाऱ्या हाताचा असतो, आणि पिक पालथं केलं तरी तो पीळ तोच राहतो, जसा स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचे आटे बदलत नाहीत. म्हणून उजव्या मित्राचं झिजलेलं पिक तुमच्या हातात तारेला अडकतं, खरखरतं. दोष तुमच्या हाताचा नाही. कडा आधीच घासून दिलेलं महागडं पिक घेताना मात्र डाव्या हाताचं मागा. ब्लूचिप असे डावे बनवते. अंगठ्यासाठी खळगा कोरलेलं जाड पिकही आधी डाव्या हातात धरून बघा.

खरं डावं-उजवं आहे ते अंगठ्यात घालायच्या पिकमध्ये. त्याचं पातं एकाच बाजूला निघतं. उजवं पिक दुसऱ्या तोंडाने घातलं तर पातं तुमच्या बाजूला येतं खरं, पण कडं अंगठ्याच्या निमुळतेपणाला उलटं पडतं, मागे आवळतं, पुढे सैल राहतं, आणि पात्याचा कोनही चुकतो. दोन गाण्यांत ते फिरायला लागतं. फ्रेड केली डाव्या हाताची अंगठ्याची पिक्स बनवतात, ती मागवा. एकदम चार-पाच मागवा, कारण हरवलं तर शेजारच्या दुकानात मिळणार नाही. पाकीट उघडलं की डावा अंगठा वर करून नख स्वतःकडे ठेवा आणि पिक घाला: पातं उजवीकडे डोकवायला हवं. घट्ट होत असेल तर प्लास्टिकचं पिक काही सेकंद गरम पाण्यात बुडवा, कडं जरासं फाकवा आणि अंगठ्यावरच थंड होऊ द्या.